गिझरचा काटा नेमका कितीवर ठेवता?

ओवी_चिंचवड | ६ जानेवारी, दुपारी २:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

झालं असं की मागच्या आठवड्यात आमचा गिझर (२५ लिटर, २ किलोवॉट, आठ वर्षं जुना) पाणी तापवेना म्हणून माणूस बोलावला. त्याने खाली बादली धरून उघडलं तर आतून अक्षरशः चुन्याच्या खपल्या पडल्या, अर्धा तांब्या भरेल एवढ्या. कॉइल पांढरीफटक. सोसायटीत निम्मं पाणी बोअरचं आणि निम्मं टँकरचं, त्यामुळे नवल नाही. त्याने नवीन कॉइल घातली, थर्मोस्टॅट बदलला आणि स्क्रू ड्रायव्हर हातात धरून विचारलं, "मॅडम, कितीवर ठेवू?" आता गेल्या आठ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. झाकणाच्या आत अशी चकती असते हेच माहीत नव्हतं. म्हटलं आधी कितीवर होती, तर म्हणे "फुल". मग म्हटलं तशीच ठेवा.

पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. डिसेंबरचं बिल ३१८ युनिटचं आलंय. घरात चार माणसं, सासूबाई ७४ च्या, लेक ५ वर्षांची. आम्ही सगळे बादलीनेच आंघोळ करतो, पाणी इतकं कढत येतं की अर्धी बादली विसण घालावं लागतं. म्हणजे आधी वीज जाळून तापवायचं आणि मग गार पाणी ओतून निववायचं, हा शुद्ध वेडेपणा नाही का? सरळ ४५ वर ठेवलं तर विसणाची भानगडच नको आणि वीजही वाचेल, असं माझं म्हणणं. नवरा म्हणतो कमी तापमानावर पाण्यात जंतू होतात, त्याने कुठेतरी वाचलंय.

तर तुम्ही कितीवर ठेवता? बिलात खरंच फरक पडतो का?

---

अर्धा_कप | दुपारी २:२२

आमच्या गिझरला दोनच तापमानं आहेत. मी आंघोळीला गेलो की गार, बायको गेली की कढत.

---

निफाडकर | दुपारी २:४०

४५??? ताई, आमच्याकडे या. जानेवारीत पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि टाकीतलं पाणी असं येतं की हात घातला तर बोटं मोजून घ्यावी लागतात. काटा फुल, चर्चा संपली.

---

जुईली७१ | दुपारी ३:०५

आमचा गिझर २०११ चा आहे आणि त्याला बाहेर गोल बटण आहे, पण त्यावर आकडे नाहीत, नुसते ठिपके, लहान ते मोठे. मधल्या ठिपक्यावर ठेवते. तो ठिपका म्हणजे किती अंश हे कंपनीला तरी माहीत असेल का कोण जाणे.

ओवी, विसणाबद्दल म्हणशील तर आमच्या आजीच्या काळी बंबातून घंगाळात पाणी काढायचे ते आदणच असायचं. विसण घातल्याशिवाय आंघोळ ही कल्पनाच नव्हती. तुझी पिढी विसण हा शब्द वापरते हे बघूनच बरं वाटलं.

---

ओहमकाका | संध्याकाळी ६:१५

ओवी, तुमचा प्रश्न चांगला आहे पण त्यात एक गोम आहे. जरा आकडेमोड करतो, कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. गिझर कुठलाही असो, हा हिशोब बदलत नाही. आता समजा नळाचं पाणी २० अंश आहे आणि तुम्हाला २० लिटरची बादली ४१ अंशाला हवी आहे, म्हणजे छान कढत पण सोसवेल अशी. गिझर ६५ वर असेल तर बादलीत ९ लिटरच्या आसपास गरम पडेल आणि ११ लिटर विसण. ५० वर असेल तर १४ लिटर गरम, ६ लिटर विसण. दोन्हीकडे बादलीत गेलेली वीज तीच, साधारण अर्धा युनिट. थोडं जास्त तापवून विसण घाला किंवा जास्त पाणी कमी तापवा, बादली एकच. त्यामुळे "तापवून निववायचं" हा वेडेपणा वाटतो खरा, पण त्यात वीज वाया जात नाही. गार पाण्याने उष्णता खाल्ली नाही, वाटून घेतली.

मग काटा खाली आणून वाचतं काय? टाकीच्या अंगातून जी उष्णता बाहेर झिरपते ती. टाकी जितकी जास्त गरम, तितकी गळती जास्त. चांगल्या टाकीची गळती दिवसाला अर्ध्या-पाऊण युनिटच्या आसपास असते, तीसुद्धा चोवीस तास गरम ठेवली तर. ६५ वरून ५० वर आलात तर त्यातला तिसरा हिस्सा वाचेल. म्हणजे महिन्याला सात-आठ युनिट. नाही म्हणायला आहे, पण नाचावं इतकं नाही.

---

अर्धा_कप | संध्याकाळी ६:२१

काका, शाळेत तुम्ही भौतिकशास्त्राला असता तर मी आज वेगळ्याच ठिकाणी असतो. (बहुतेक अजून नववीतच.)

---

फुकटफौजदार | संध्याकाळी ७:४८

गिझर दिवसभर चालूच ठेवायचा असतो हो. तापमान झालं की तो आपोआप बंद होतो. उलट बंद करून रोज गार पाण्यापासून परत तापवायला जास्त वीज खेचतो. गाडी जशी सुरू होताना जास्त पेट्रोल खाते तसं. मी दहा वर्षं चालू ठेवतोय, बिल व्यवस्थित आहे.

---

ओहमकाका | रात्री ८:३०

फौजदारसाहेब, माफ करा पण हे बरोबर नाही. गळकं पिंप आहे असं समजा. ते दिवसभर काठोकाठ भरलेलं ठेवलं तर जोराने गळत राहणार, कारण दाब जास्त. रिकामं होऊ दिलं तर गळती आपोआप मंदावणार. संध्याकाळी पाणी लागेल तेव्हा भरलं तर जेवढं गळालं तेवढंच भरावं लागेल, त्याहून थेंबभर जास्त नाही. टाकीचं तसंच. गार होत गेलेली टाकी कमी उष्णता सोडते. कॉइल काही मोटार नाही की सुरू होताना दणका घेईल, ती पहिल्या सेकंदाला २ किलोवॉट आणि विसाव्या मिनिटालाही २ किलोवॉट.

मात्र तुमचं बिल व्यवस्थित आहे यावर विश्वास आहे. टाकी चांगली असेल तर फरक तुमच्या लक्षातही येणार नाही.

---

फुकटफौजदार | रात्री ८:४१

बघा, शेवटी बिल व्यवस्थित आहे हे मान्य केलंत ना.

---

उसाचा_फड | रात्री ९:१०

आमच्याकडं (कागल तालुका) अजून तांब्याचा बंब आहे. चिपाडं, शेंगांची टरफलं, काय मिळंल ते घालायचं. थर्मोस्टॅट म्हणजे आमची आई. हात लावून सांगते, "आता काढ". वीज शून्य. धूर मात्र सगळा माझ्या डोळ्यात.

---

म्हापसेकर | रात्री ९:३३

ह्या धाग्यार गोंयकारांक प्रवेश ना दिसता. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीचे चार दिवस सोडले तर टाकीतलंच पाणी दुपारी चटके देतं.

---

स्टेथो | ७ जानेवारी, सकाळी ७:५०

ओवीच्या नवऱ्याने वाचलंय ते पूर्ण चूक नाही, म्हणून लिहितेय.

त्या जंतूचं नाव लिजिओनेला. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन एका हॉटेलात होतं, तिथे एकशे ऐंशीहून जास्त लोकांना विचित्र न्यूमोनिया झाला, त्यातले बरेच दगावले. पुढच्या जानेवारीत जंतू सापडला आणि त्या संघटनेवरूनच नाव पडलं. हा जंतू साध्या पाण्यात थोडाफार असतोच. त्याला साधारण २० ते ४५ अंशांचं कोमट, साचलेलं पाणी फार मानवतं. ५० च्या वर त्याची वाढ थांबते आणि तो सावकाश मरायला लागतो, ६० ला काही मिनिटांत बहुतेक खलास. पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही, शॉवरचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले तर धोका. म्हातारी माणसं, सिगारेट ओढणारे, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना जास्त.

त्यामुळे ४५ वर कायम ठेवणं मला तरी पसंत नाही. बरोब्बर त्याच्या आवडीचं तापमान झालं ते.

---

ओहमकाका | सकाळी ९:०२

डॉक्टर, एक शंका. फिलाडेल्फियाच्या प्रकरणात संशय एसीच्या कूलिंग टॉवरवर होता ना, गिझरवर नव्हे? आणि आपल्याकडची १५-२५ लिटरची टाकी रोज सकाळी रिकामी होऊन परत भरते. परदेशात तळघरात दोनशे लिटरच्या टाक्या असतात, त्यांचे नियम आपल्या गिझरला जसेच्या तसे लावायचे का?

---

स्टेथो | दुपारी १:१५

कूलिंग टॉवरबद्दल बरोबर. आणि रोज वापरातल्या छोट्या टाकीत धोका खूप कमी हेही मान्य, घाबरवायचा हेतू नव्हता. माझं म्हणणं इतकंच की ४५ वर ठेवून जे चार रुपये वाचणार (तुमच्याच हिशोबाने!) त्यासाठी तो थोडासा धोका तरी का घ्या. गावाहून पंधरा दिवसांनी परत आलात तर मात्र पहिल्या दिवशी काटा वर करून टाकी पूर्ण तापू द्या, ते पाणी शॉवरमधून न सोडता नळाने बादलीत काढून ओतून टाका, मग आंघोळी.

मला जास्त काळजी सोलरची वाटते. पावसाळ्यात गच्चीवरच्या टाकीत आठ-आठ दिवस पाणी नुसतं कोमट असतं आणि लोक खुशाल शॉवर घेतात. सोलरला बॅकअप कॉइल असेल तर ढगाळ आठवड्यात एखादा दिवस तरी ती लावून टाकी ६० ला न्या.

---

जुईली७१ | दुपारी १:४०

अगं बाई. आमच्या सोसायटीत सोलरच आहे. कमिटीच्या ग्रुपवर टाकते. तिथे सध्या पार्किंगवरून युद्ध चालू आहे, कुणी वाचेल असं वाटत नाही.

---

यारा_काठ | दुपारी ३:२६

मेलबर्नहून लिहितोय. आमच्याकडे या दोन्ही गोष्टींची सांगड नियमातच घातलेली आहे. टाकीत पाणी ६० ला साठवायचं, जंतूंसाठी. पण बाथरूमच्या नळाला ५० च्या वर द्यायचं नाही, भाजू नये म्हणून. मध्ये एक टेंपरिंग व्हॉल्व्ह बसवतात, तो आपोआप गार पाणी मिसळतो. नवीन घरात तो नसेल तर प्लंबरला पुढचा कागदच मिळत नाही.

---

अर्धा_कप | दुपारी ३:३१

आमच्याकडेही टेंपरिंग व्हॉल्व्ह आहे. नऊवारी नेसतो आणि बादलीत कोपर बुडवून "थांब, अजून एक तांब्या गार घाल" म्हणतो.

---

जुईली७१ | दुपारी ३:५८

अर्ध्या_कपा, हसले खरी, पण त्यावरूनच एक सांगते. लिहू की नको असं वाटत होतं.

माझी भाची तेव्हा पावणेदोन वर्षांची. वहिनीने बादलीत गिझरचं गरम सोडलं, नेहमीसारखं आधी गरम, मग वरून विसण. गरम भरलं आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. मिनिटभर गेली असेल. पोरगी मागून रांगत आली, बादलीच्या काठाला धरून उभी राहिली आणि हात कोपरापर्यंत आत. बादली कलंडली ती पोटावर. त्या गिझरचा काटाही फुलच होता. तीन आठवडे दवाखान्यात होती. आता बारावीला आहे, हातावर डाग आहे, ती स्वतः काही मनाला लावून घेत नाही. पण वहिनी अजून बेल वाजली की आधी बाथरूमकडे बघते.

त्या दिवसापासून आमच्या घरी नियम आहे, आधी गार, मग गरम. बादलीत आधी विसण आणि मग वरून कढत. दिसायला तेच, पण बादली कुठल्याही क्षणी सोडून गेलात तरी आतलं पाणी भाजणारं नसतं. आईला हे पटवायला वर्ष लागलं. ती म्हणायची विसण "घालायचं" असतं, विसणात गरम घालतात हे कुठे ऐकलंय का.

---

स्टेथो | दुपारी ४:२०

जुईलीताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. ६० अंशाच्या पाण्याने मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांत खोल भाजतं, लहान मुलांची कातडी पातळ असल्याने त्याहूनही लवकर. ५० ला तेच व्हायला काही मिनिटं लागतात, म्हणजे हात काढायला वेळ मिळतो. म्हाताऱ्यांचंही तसंच, मधुमेहात पायाला चटका कळतच नाही. सासूबाईंना साखर असेल तर पाय घालून पाणी बघू नका म्हणावं, हाताने बघा.

आणि भाजलंच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. टूथपेस्ट, हळद, बर्फ, तूप काही नाही.

---

ओवी_चिंचवड | दुपारी ४:४५

जुईलीताई, वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडेही आधी गरमच सोडतात. आज संध्याकाळपासून उलटं.

स्टेथो, हो, साखर आहे त्यांना. त्या पायाच्या अंगठ्यानेच बघतात!

---

तिसरा_मजला | रात्री १०:०५

सगळे काट्याबद्दल बोलतायत म्हणून एक वेगळं. आमच्या गिझरच्या गार पाण्याच्या बाजूला जो पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तो पाणी तापताना टिपटिप गळायचा. प्लंबरला सांगितलं, त्याने काय करावं, तोंडाला टोपी लावून दिली. "गळती बंद साहेब." मीही खूश, दोनशे रुपये दिले. सहा महिन्यांनी दुसऱ्या कामाला आलेल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने ते बघितलं आणि आधी मेन स्विच पाडला, मग माझ्याशी बोलला. म्हणाला, तापलं की पाणी फुगतं, २५ लिटर तापलं तर दीड-दोन पेले पाणी वाढतं, ते तिथूनच बाहेर पडायचं असतं. ती गळती नाही, तो श्वास आहे त्याचा. थर्मोस्टॅट अडकला असता आणि कटआउटनेही (पाणी अति तापलं की वीज तोडतो तो) दगा दिला असता तर बंद टाकीत वाफ कोंडून बाथरूमची भिंत गेली असती.

तेव्हा काटा कितीवरही ठेवा, पण तो व्हॉल्व्ह एकदा बघून घ्या. त्याला छोटी नळी लावून मोरीत सोडा, टिपटिपीचा त्रासही नाही.

---

ओहमकाका | रात्री १०:३०

लाख बोललात. आणि अर्थिंग! ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की क्षणात पुरवठा तोडणारा स्विच) बोर्डात नसेल तर वीज वाचवायच्या गोष्टी नंतर करा, आधी तो बसवा. चकती फिरवायची असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन पाडा, कारण ती चकती उघड्या टर्मिनलांच्या शेजारी बसलेली असते. स्वतः करू नका म्हणण्यापेक्षा, शंभर रुपये देऊन वायरमनकडून करून घ्या म्हणतो.

ओवी, क्षारांमुळे मात्र काटा थोडा खाली आणायचं खरं कारण आहे तुमच्याकडे. बोअरच्या पाण्यातला चुना ६० च्या वर जोरात बसतो. आणि मेकॅनिकला मॅग्नेशियमची कांडी, अॅनोड, बघायला सांगितलं होतं का? ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. जड पाण्यात वर्ष-दोन वर्षांत संपते, आठ वर्षांत तर तिचं श्राद्धही घालून झालं असेल.

---

ओवी_चिंचवड | रात्री १०:४१

नाही विचारलं. कांडी असते हेही आत्ता कळलं.

---

गुलमोहर_ठाणे | ८ जानेवारी, सकाळी ११:१९

अवांतर: गॅस गिझरबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांकडे बंद बाथरूमच्या आत लावलेत. खिडकी लावून आंघोळ, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, माणूस बसल्या जागी बेशुद्ध. सांगून दमले. गॅसचा गिझर बाहेर, हवेशीर बाल्कनीत, एवढंच.

---

निफाडकर | सकाळी ११:५०

काका, मग खरी वीज जाते कुठे? काट्याने वाचत नाही म्हणता, बंद-चालूने थोडी वाचते म्हणता.

---

ओहमकाका | दुपारी १२:४०

शॉवरमध्ये जाते. साधा शॉवर मिनिटाला आठ लिटर सोडतो असं धरा. आठ मिनिटं म्हणजे ६४ लिटर. तेच गणित, दीड युनिट. बादलीला अर्धा. म्हणजे एक शॉवर बरोबर तीन बादल्या. माझा मुलगा कॉलेजात जायच्या आधी पंधरा मिनिटं आत गाणी म्हणतो, त्याच्यापुढे गिझरच्या काट्याचा काय पाड.

आणि दुसरी गळती कुणाच्या लक्षात येत नाही ती शेवटच्या आंघोळीनंतरची. शेवटचा माणूस पाणी वापरून बाहेर येतो, टाकीत गार पाणी शिरलेलं असतं, दिवा परत लागतो, गिझर बिचारा इमानेइतबारे २५ लिटर पाणी परत तापवतो. एक-सव्वा युनिट. कुणासाठी? उद्या सकाळच्यासाठी. तोपर्यंत त्यातला चांगला हिस्सा भिंतीला देऊन झालेला असतो. त्यापेक्षा शेवटचा माणूस आत जायच्या आधी बटण बंद करायचं. टाकी गरमच असते, त्याला कमी पडत नाही.

---

अर्धा_कप | दुपारी १२:४६

आमच्याकडे शेवटचा माणूस कोण हे ठरवायलाच कुटुंबाची बैठक लागेल.

---

जुईली७१ | दुपारी १:१०

महाराष्ट्रातल्या सुखी संसाराची खूण म्हणजे गाडी घाटात लागल्यावर कुणीतरी विचारतं, "गिझर बंद केला का?"

---

निफाडकर | दुपारी १:१२

आम्ही एकदा सिन्नरहून परत फिरलोय. बंद होता.

---

यारा_काठ | दुपारी १:५५

मी हा प्रश्न विमानात विचारलाय. खिडकीतून खाली मुंबई दिसत होती.

---

फुकटफौजदार | दुपारी २:३०

म्हणूनच म्हणतो, चालूच ठेवा. प्रश्नच मिटला.

---

ओवी_चिंचवड | २९ जानेवारी, रात्री ९:२०

धागा खाली गेलाय पण मी गप्प बसले नव्हते. अहवाल द्यायला आलेय.

भावाकडे युनिट मोजणारा १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग होता तो आणला आणि तीन आठवडे मोजलं. तापमान मोजायला आधी लेकीचा तापाचा डिजिटल थर्मामीटर बुडवला, त्याने नुसतं 'एच' दाखवलं आणि नवऱ्याने माझ्याकडे जे बघितलं ते बघितलं. मग प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून ११० अंशांपर्यंतचा काचेचा आणला. दिवा विझल्यावर पहिले दोन मग सोडून द्यायचे (पाइपातलं गार पाणी असतं ते) आणि तिसऱ्यात मोजायचं.

पहिला आठवडा जसं होतं तसं. काटा फुल म्हणजे ६८ अंश निघालं! रोजचे सरासरी २.७ युनिट. दुसऱ्या आठवड्यात वायरमनकडून चकती मध्यावर आणली, ५३ अंश. सरासरी २.४. पण चौथ्या आंघोळीला पाणी पुरेना, सासूबाईंचं तोंड दोन दिवस फुगलेलं. तिसऱ्या आठवड्यात चकती थोडी वर, ५९-६०, आणि नवरा शेवटी आंघोळ करतो तर त्याच्या आधी बटण बंद. सरासरी २.२. म्हणजे काका म्हणाले तसंच, काट्यापेक्षा बटणाने जास्त वाचलं.

आता हिशोब. रोजचा अर्धा युनिट म्हणजे महिन्याला १५. ३१८ वजा १५ म्हणजे ३०३. तीनशेचा स्लॅब तीन युनिटांनी हुकतोय!!! कुठून आणू तीन युनिट?

कांडी बदलली, जुनीची नुसती तार उरली होती. व्हॉल्व्हला नळी लावली. बादलीत आधी गार.

---

ओहमकाका | रात्री ९:४४

वा! ५९-६० योग्य. डॉक्टरही खूश, चुनाही आटोक्यात. तीन युनिटांसाठी फ्रिजच्या मागची धूळ झाडा.

---

स्टेथो | रात्री १०:०२

अंगठ्याचं काय झालं?

---

ओवी_चिंचवड | रात्री १०:१५

सासूबाई आता हाताने बघतात. पण मी बघत असले तरच. काल दार लोटून घेतलं होतं, आतून "हाय" असा आवाज आला, मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या काही नाही, पाणी गार आहे.

---

अर्धा_कप | रात्री १०:१९

ओवी, भावाचा तो प्लग किती दिवसांसाठी मिळेल? आमच्या मुलाच्या शॉवरचा पुरावा गोळा करायचाय.